उंच केलेल्या जिप्सीला नव्या ब्रेक नळ्या : नाशिकच्या अंगणातल्या नोंदी

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

काल बाप्पांना निरोप दिला आणि आज सकाळीच गाडीखाली शिरलो. गणपतीच्या आधी तोरंगण घाट उतरून मोखाड्याकडे गेलो होतो, तेव्हापासून मनात खुटखुट होती. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, आणि पाय काढल्यावरही ती ओढ क्षणभर टिकायची. घाटाखाली थांबून हात लावला तर पुढच्या डाव्या चाकाची रिम चटका देत होती. उजवी नुसती कोमट.

गाडी २००७ ची मारुती जिप्सी किंग. पुढे डिस्क, मागे ड्रम, दोन्हीकडे सरळ ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). मी घेतली तेव्हाच ती उंच केलेली होती. लांब शॅकल (पाट्याला फ्रेमशी जोडणारा दुवा), एक जादा पाटा, उंच शॉकअप, मिळून साधारण तीन इंच. टायर २३५/७५ आर १५. पाटे, शॉकअप, टायर हे सगळं आधीच्या मालकाने हौसेने केलेलं दिसतं. ब्रेकच्या रबरी नळ्या मात्र कंपनीतून आलेल्याच, म्हणजे अठरा वर्षांच्या.

आज फक्त रोग कुठे आहे ते शोधलं. डावं चाक जॅकवर उचललं, पेडल दोनदा दाबून सोडलं. चाक हाताने फिरेना. फ्रेमपाशी जिथे लोखंडी बंडी पाइप रबरी नळीला मिळतो तो नट सैल केला. तरी चाक घट्टच, म्हणजे पेडलमागून दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचा दोष नाही. मग कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या भागाचा, ब्लीडर निप्पल (हवा-ऑइल सोडायचा स्क्रू) पाव फेरा उघडला. ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. दाब नळीतच अडकत होता. पाय देताना ऑइल जोराने पलीकडे जातं, पण परत यायला त्याला वाट मिळत नाही.

आज खग्रास चंद्रग्रहण आहे. आईने नऊच्या आत हात धुऊन घरात यायला सांगितलंय, त्यामुळे बाकीचं पुढच्या वेळी.

बुधवार, १० सप्टेंबर

कामावरून सुटल्यावर अंबडला मामांकडे गेलो. हे माझे सख्खे मामा नाहीत, पण त्या गल्लीतले सगळे त्यांना मामाच म्हणतात. चाळीस वर्षं जीप आणि जिप्सी सोडून दुसरं काही केलेलं नाही.

मी जाताना एक बेत मनात धरून गेलो होतो. अंबडला हायड्रॉलिक होजची दुकानं आहेत, प्रेसच्या, जेसीबीच्या नळ्या दहा मिनिटांत कापून, टोकं दाबून हातात देतात. वाटेत एका दुकानात विचारलंही. दुकानदार म्हणाला, "दादा, ही दोन तारांची नळी चारशे बारला चालते. तुमच्या ब्रेकला किती लागणार?" हिशोब बरोबरच वाटत होता. जोरात ब्रेक दाबला तरी नळीतला दाब शंभर बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास असतो.

मामांनी ऐकून घेतलं आणि नुसतं विचारलं, "आतलं रबर कशाचं आहे ते विचारलंस का?"

मुद्दा इथेच आहे आणि तो इथे ठळक लिहून ठेवतो. हायड्रॉलिक नळीचं आतलं रबर बहुधा नायट्राइल असतं. ते खनिज तेलासाठी बनवलेलं. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण डॉट ३ आणि डॉट ४ हे तेल नव्हेच, ते ग्लायकॉलच्या जातीचं द्रव आहे. नायट्राइल त्यात फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण सुटतात. ब्रेकच्या नळीचं आणि वॉशरचं रबर ईपीडीएम असतं, त्याला ग्लायकॉल चालतं आणि खनिज तेल चालत नाही. म्हणून ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइलची एक धार पडली तरी सगळे रबर भाग बदलावे लागतात. चारशे बारची नळी पहिल्या दिवशी फुटणार नाही. ती सहा महिन्यांनी आतून सुजेल आणि माझ्या डाव्या चाकाचं आज जे झालंय तेच चारही चाकांचं होईल.

बेत तिथेच सोडला. मामा म्हणाले, ब्रेकसाठीच बनवलेली, आत टेफ्लॉन आणि वर स्टीलच्या जाळीची नळी मागव, टोकं कारखान्यातच दाबलेली असू देत. "पण आधी माप घे. आणि माप घेताना चाक लटकलेलं पाहिजे."

रविवार, १४ सप्टेंबर

आजचा अख्खा दिवस मापात गेला आणि तो सार्थकी लागला.

पार्किंगमधल्या शहाबादी फरशीवर गाडी घेतली, मागच्या चाकांना दगड लावले. पुढून फ्रेमखाली दोन स्टँड, चाकं काढली, जॅक हळूहळू उतरवून ॲक्सल मोकळा लटकू दिला. आईकडून परकराची एक नवी नाडी मागून आणली. मोजपट्टी वळणातून नीट जात नाही, नाडी जाते.

फ्रेमवरच्या, नळीचं टोक धरणाऱ्या ब्रॅकेटपासून कॅलिपरच्या बँजो बोल्टपर्यंत (नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) सरळ अंतर डावीकडे ४० सें.मी. भरलं. वहीत लिहिलं आणि उजवीकडे वळणार, तेवढ्यात टॉर्चचा उजेड ब्रॅकेटवर पडला. ब्रॅकेटचा पत्रा खाली वाकलेला होता. वाकाच्या वरच्या कडेला रंग केसासारख्या बारीक रेघांनी तडकलेला, आणि रेघांतून गंज डोकावत होता. नळीला बोटाने टिचकी मारली तर ताणलेल्या तारेसारखी थरथरली.

ॲक्सल नळीला लटकला होता.

शॉकअपकडे पाहिलं तर त्याचा दांडा अजून पूर्ण बाहेर आलेलाच नव्हता. म्हणजे मी जे ४० मोजले ती चाकाची खाली जायची हद्द नव्हती, ती जुन्या नळीची लांबी होती. खड्ड्यात हे चाक जेव्हा जेव्हा लोंबकळलं तेव्हा त्याचा भार एका रबरी नळीने आणि दोन मिलिमीटरच्या पत्र्याने झेलला. या गाडीत मी बायकोला आणि पोरीला बसवून सप्तशृंगीचा घाट चढलो आहे. बराच वेळ मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

मग ऑइल वाहून जाऊ नये म्हणून पेडल इंचभर दाबून त्याला सीट आणि पेडल यांच्यात काठीचा टेकू दिला. पेडल एवढं दबलेलं असलं की मास्टर सिलिंडरमधलं टाकीकडचं बारीक भोक झाकलं जातं आणि टाकी रिकामी होत नाही. दोन्ही पुढच्या नळ्या काढल्या, उघड्या टोकांना रबरी टोप्या घातल्या. नळी सुटताच डावी बाजू साडेचार सें.मी. आणखी खाली आली आणि शॉकअपने तिला अडवलं. आता सरळ अंतर ४४.५.

पुढे खरी परीक्षा. जॅक ॲक्सलच्या उजव्या टोकाखाली लावून ती बाजू बंप स्टॉपला, म्हणजे वरच्या हद्दीवरच्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर दाबली आणि डावी बाजू लोंबकळत ठेवली. डोंगरात एक चाक दगडावर आणि दुसरं घळीत असतं तेव्हा ॲक्सल असाच तिरका होतो. या अवस्थेत स्टीअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून नाडीने माप घेतलं. सर्वांत जास्त ताण डावं चाक खाली आणि स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे असताना येतो. तिथे वळणासकट ४८ भरलं. मग उलट करून पाहिलं, चाक पूर्ण वर आणि स्टीअरिंग टोकाला, तेव्हा जादा नळी कुठे जाईल ते. फार लांब घेतली तर इथे ती टायरच्या आतल्या भिंतीला घासेल. ५२ सें.मी. हे माप दोन्हीकडे चालतं असं ठरलं. मागची एकच नळी, फ्रेमपासून ॲक्सलवरच्या टीपर्यंत, म्हणजे जिथून दोन्ही मागच्या चाकांकडे पाइप फुटतात त्या जोडापर्यंत. तिथे तिरकं करून ५४ आलं, ५८ मागवणार.

ब्रॅकेट खाली सरकवून जुन्याच लांबीची नळी वापरायचा एक मार्ग असतो, पुष्कळ जण तो घेतात. एक-दीड इंच उचललेल्या गाडीला तो पुरत असेल. माझ्या गाडीत शॉकअपचा प्रवासच वाढलेला आहे, तिथे लांबीच हवी.

संध्याकाळी डावी जुनी नळी ब्लेडने उभी चिरली. बाहेरचं रबर, मग दोऱ्याच्या विणीचे दोन थर, आणि आतली बारीक नळी. दाबलेल्या टोकापासून बोटभर अंतरावर आतलं रबर सुटून एक पापुद्रा झाला होता, बरोबर झडपेसारखा. नखाने कॅलिपरकडे ढकलला की उघडायचा, उलट ढकलला की मिटायचा. बाहेरून या जागी फक्त एक पुसट सुरकुती होती.

मंगळवार, १६ सप्टेंबर

नळ्या मागवल्या. पुण्याचा एक बनवणारा आहे, मापाप्रमाणे करून देतो. फोनवर विचारलेल्या गोष्टी : आत टेफ्लॉन आहे ना, टोकं प्रेसने दाबलेली की पुन्हा वापरायची पेचाची, प्रत्येक नळी दाबाखाली तपासली जाते का, आणि जाळीवर पीव्हीसीचं आवरण मिळेल का. आवरणाचा आग्रह यासाठी की उघडी स्टीलची जाळी करवतीसारखी असते. ज्याला घासेल ते कापते, मग तो पाटा असो की दुसरी नळी. शिवाय जाळीत आपल्याकडची लाल माती आणि वाळूचे कण शिरले की ते आतून टेफ्लॉन घासत राहतात.

मानकांचं नाव विचारलं. आपल्याकडे ब्रेकच्या नळ्यांना आयएस ७०७९ आहे. अमेरिकेतलं एफएमव्हीएसएस १०६ जास्त बोललं जातं, आणि त्यातली एक चाचणी मला फार पटते : नळी यंत्रावर लावून सलग ३५ तास फटकारत ठेवतात, तेवढ्यात ती फुटता कामा नये. दाबाची अटही कडक आहे. एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक छिद्राची नळी ७,००० पीएसआयच्या, म्हणजे साधारण ४८० बारच्या आधी फुटली तर नापास. पण ब्रेकची नळी दाबाने क्वचित मरते. ती वाकून वाकून टोकापाशी मरते, म्हणून मला त्या ३५ तासांचं मोल जास्त वाटतं.

आई म्हणाली, पितृपक्षात नवी वस्तू गाडीला लावायची नाही. नळ्या यायला आठवडा लागणारच होता, म्हणून घटस्थापनेनंतरचाच मुहूर्त धरला. गाडी तोवर स्टँडवर.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पार्सल आलं. तीन नळ्या, बँजो बोल्ट, तांब्याचे वॉशर. काम स्वच्छ दिसतंय. बसवण्याआधी सगळ्या टोकांचे आटे तपासले आणि तपासले म्हणूनच वाचलो.

पुढच्या दोन्ही ठीक. मागच्या नळीचं ॲक्सलकडचं टोक टीमध्ये हाताने फिरवून पाहिलं. सहज आत गेलं, जरा जास्तच सहज. दोन फेरे गेल्यावर हलवून बघितलं तर डगडगत होतं. व्हर्नियर लावला : ९.५ मि.मी. माझ्या गाडीचा मूळ नट ९.९ भरतो, म्हणजे एम-१०, आणि त्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मि.मी. मग आटे मोजायचा फणा काढला. १ मि.मी.चा फणा नव्या टोकावर पहिल्या तीन-चार दातांपर्यंत बसला आणि पुढे उजेडात फट दिसू लागली. इंची फण्यातलं २४ आट्यांचं पान मात्र अंगठी बसावी तसं बसलं. ते टोक तीन अष्टमांश इंच, इंचाला २४ आटे असं होतं. जुन्या जीपगाड्यांवर चालणारं माप.

हे दोन आटे एकमेकांना फसवतात. पिचमधला फरक मिलिमीटरच्या सहा शतांशांइतका, व्यासातला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. पान्याने आवळलं असतं तर घट्ट झाल्यासारखं वाटलं असतं, कारण वेगळी पिच शेवटी अडकतेच. पण टीचे आटे फक्त टोकाटोकांनी पकडलेले राहिले असते आणि एखाद्या दिवशी जोरात ब्रेक दाबल्यावर सुटले असते. नाशिकमध्ये हा धोका जास्त, कारण जीपचे सुटे भाग इथे दुकानोदुकानी मिळतात आणि 'हेच बसतं' म्हणून हातात पडतात. हाताने शेवटपर्यंत फिरत जातं आणि डगडगत नाही, अशी दोन्ही लक्षणं मिळाल्याशिवाय ब्रेकच्या नटाला पाना लावायचा नाही.

बनवणाऱ्याला फोटो पाठवला. त्याने चूक लगेच मान्य केली, बदलून नळी कुरिअर करतो म्हणाला.

शनिवार, २७ सप्टेंबर

बदललेली नळी काल आली, आज सुट्टी घेतली. सकाळपासून पाऊस, पार्किंगच्या पत्र्यावर असा वाजतोय की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. मामा अकराला छत्री झटकत आले. भर पावसात येतील असं वाटलं नव्हतं.

पुढचा डावा ब्रॅकेट आधी बदलला. वाकलेला ठोकून सरळ करता आला असता, पण एकदा वाकून तडकलेला पत्रा मला परत नको होता. मामांनी ३ मि.मी.च्या पट्टीतून तसाच कापून आणला होता. फ्रेमच्या भोकात ८ चा बोल्ट, नायलॉक नट.

पुढच्या नळ्या तासाभरात बसल्या. बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक नवा तांब्याचा वॉशर. तांबं एकदा दबलं की कडक होतं, जुना वॉशर परत लावू नये. टॉर्क पाना २२ न्यूटन-मीटरवर. आवळायच्या आधी मामांनी नळीच्या अंगावर पांढऱ्या मार्करने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढायला लावली. आवळल्यावर रेघ गुंडाळी घेतलेली दिसली तर नळीला पीळ पडलाय. डावीकडे पीळ पडलाच होता, सैल करून परत लावली. टेफ्लॉनला पीळ आणि तीव्र वळण दोन्ही सोसत नाहीत. एकदा चिमटलं की ते पुन्हा गोल होत नाही.

मागचं काम अवघड गेलं. फ्रेमवरच्या बंडी पाइपचा नट अठरा वर्षांच्या गंजाने पाइपलाच चिकटला होता. रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलेलं, नट सुटलाही, पण फिरताना पाइपलाही घेऊन फिरू लागला. साधा पाना न वापरता फ्लेअर नटचा, पाच बाजूंनी धरणारा पाना वापरला म्हणून नटाचे कोपरे तरी राहिले. पाइपला मात्र पीळ बसला. तेवढा तुकडा कापून नवा करावा लागला. मामांनी नव्या बंडी पाइपला आधी नट घातला, मग टोक दोनदा दुमडून ४५ अंशांचं डबल फ्लेअर (फाकवलेली दुहेरी कड) केलं. पहिलं फ्लेअर त्यांनी चष्मा वर करून उजेडात धरलं, कडेला केसाएवढी भेग दिसली, कापून टाकलं. दुसऱ्या वेळी कापल्यावर टोकाच्या आतली धार आधी रीमरने काढली आणि बाहेरची कानसाने. "भेग त्या धारेतून सुरू होते," म्हणाले. दुसरं फ्लेअर आरशासारखं आलं.

ऑइल डॉट ४ घेतलं, नव्या सीलबंद डब्यातलं. डॉट ३ कोरडं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ चा आकडा २३०. पण हे द्रव हवेतली ओल शोषतं, आणि ओल शिरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाटात ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल रिकामं खाली जातं. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन वर्षांनी ऑइल बदलणं मी आता चुकवणार नाही.

मडगार्डवर दोन थेंब सांडले. लगेच भरपूर पाणी ओतलं, पाण्यात ते विरघळतं. पुसत बसलं असतं तर रंग निघाला असता.

रविवार, २८ सप्टेंबर

पाऊस रात्रभर थांबला नाही. घराबाहेर पडायचा प्रश्नच नव्हता, म्हणून हवा काढायचं काम घेतलं. बायको सीटवर, मी चाकापाशी.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव… आता सोड."

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या मागच्या बाजूने सुरुवात, मग पुढे. निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. पेडल दाबलेलं असतानाच निप्पल उघडायचा आणि पेडल वर यायच्या आत बंद करायचा. मागून बुडबुडे बराच वेळ येत राहिले. कारण सापडलं : ५८ सें.मी.ची नळी मध्ये कमानीसारखी वर उठली होती आणि त्या उंचवट्यात हवा बसली होती. ॲक्सलखाली जॅक लावून मागची बाजू उचलली, नळी हाताने खाली दाबून धरली, तेव्हा एक मोठा बुडबुडा निघाला आणि पेडल एकदम वर आलं. ती कमान मोडायला फ्रेमवर रबराची अस्तर असलेली एक क्लिप लावली.

मग दाब धरायची चाचणी. इंजिन चालू, बूस्टरची मदत घेऊन पेडल दोन्ही पायांनी जोरात. बायकोला म्हणालो, तीन मिनिटं सोडू नकोस. दीड मिनिट झालं तशी ती म्हणाली, "अहो, पेडल हळूहळू खाली जातंय."

प्रत्येक जोड टिश्यू पेपरने पुसत गेलो. पुढचा डावा बँजो. कागदावर तांदळाएवढा ओला ठिपका. बोल्ट आणखी आवळायचा मोह झाला, पण आवळून गळती थांबवली तर मूळ कारण तसंच राहतं, शिवाय पोकळ बोल्ट तुटायची भीती. उघडलं. वॉशरवर दाबाची गोल खूण पूर्ण उमटलीच नव्हती, एका बाजूला चंद्रकोरीएवढी जागा कोरी होती. वॉशर बाहेरून थोडा मोठा, त्याची कड कॅलिपरच्या ओतीव खांद्यावर चढत होती आणि तो तिरका बसत होता. अंबडची दुकानं बंद. मामांना फोन केला तर म्हणाले, "माझ्या डब्यात लहान वॉशर आहेत, पण आज येऊ नकोस, रस्त्यावर पाणी आहे." थांबलो.

मंगळवार, ३० सप्टेंबर

योग्य मापाचे वॉशर लावले, उजवीकडेही बदलले. पुन्हा हवा काढली. तीन मिनिटं, मग पाच मिनिटं. पेडल जागचं हललं नाही. कागद कोरडे.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पाने, टॉर्क पाना, फणा, व्हर्नियर सगळं पाटावर मांडून पूजा केली. गाडीला झेंडूची माळ. आईने बोनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि न सांगता डाव्या चाकालाही वाहिलं.

दुपारी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असतात तेव्हा अंबडला नेली. आधी २०च्या वेगाने, मग ४०, मग ६०. सरळ थांबते, पाय काढताच मोकळी होते. पेडल पूर्वीपेक्षा टणक लागतं, कारण रबर फुगत होतं ते टेफ्लॉन फुगत नाही. याने थांबायचं अंतर जादूने कमी झालं असं मी म्हणणार नाही. मोठ्या टायरचा हिशोब उलट बाजूचा आहे. मूळ २०५/७० टायरचा व्यास ६६८ मि.मी., माझ्या टायरचा ७३३. तेवढ्याच पेडलला रस्त्यावर मिळणारी ओढ साधारण ९ टक्क्यांनी कमी. नळ्यांनी ते भरून निघत नाही, त्यासाठी अंतर राखूनच चालवायचं.

रविवार, ५ ऑक्टोबर

मामांना घेऊन त्र्यंबकमार्गे तोरंगण घाट. अंजनेरीवर ढग, रस्त्याकडेला भात पोटरीत. घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक लागेल तेवढाच. खाली थांबून तापमान मोजायची बंदूक लावली : डावी डिस्क ९६ अंश, उजवी ९३. मागच्या वेळी याच जागी मी बोट भाजून घेतलं होतं.

परतताना ओळखीच्या एका शेताच्या बांधावर उजवं चाक चढवून डावं घळीत सोडलं. मामा पाठीवर झोपून खालून बघत होते, मी स्टीअरिंग फिरवत होतो. डाव्या नळीला सैल वळण शिल्लक. पण उजव्या नळीच्या आवरणावर एक चकचकीत पट्टा दिसला, करंगळीच्या नखाएवढा. स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे असताना नळी शॉकअपच्या खालच्या बोल्टाला टेकत होती. अंगणात हे दिसलं नाही, कारण तिथे मी डावी बाजू लोंबकळवून तपासली आणि उजवीही तशीच असेल असं धरून चाललो. शंभर किलोमीटरमध्ये एवढा पट्टा, तर पावसाळाभरात जाळी उघडी पडली असती. बँजो थोडा वळवून परत आवळला, वॉशर नवे. आता बोल्टापासून दोन बोटं लांब राहते.

रविवार, १२ ऑक्टोबर

चारशे किलोमीटर झाले. सगळे जोड कोरडे, नट-बोल्टवरच्या मार्करच्या खुणा जागच्या जागी, पांढरी रेघ सरळ. टाकीतली पातळी तीच.

कागदपत्रांची बाजूही मामांनी काढली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ब्रेक सुधारले म्हणून उंची आणि टायरचा प्रश्न सुटत नाही. दिवाळीनंतर कागद घेऊन पेठ रोडच्या आरटीओत जाणार आहे.

संध्याकाळी मावसभाऊ आला. त्याची जुनी जीप गेल्या महिन्यात चार इंच उचलली आहे. गाडी दाखवताना पाटे दाखवले, शॉकअप दाखवले, टायरचा भाव सांगितला. मी विचारलं, "नळ्या?" तो म्हणाला, "त्या काय, चांगल्या आहेत, गळत नाहीत."

फ्रेमखाली स्टँड लावले, पुढची चाकं काढली, जॅक सोडला. आईकडे नाडी मागायला पोरीला वर पाठवलं आणि टॉर्च घेऊन डाव्या ब्रॅकेटपासून सुरुवात केली.